वाफाळते सूप आणि अर्धी भरलेली पिशवी

हिवाळ्याची चाहूल लागली की घरोघरी एकच मागणी सुरू होते: काहीतरी गरम हवे. शाळेतून परतलेली मुले दप्तर टाकता टाकता ते मागतात. वडीलधारी मंडळी संध्याकाळ झाली की ‘आज जेवण नको, जरा गरम प्यायला दे’ म्हणत शाल ओढून बसतात. निफाड, जळगाव, नागपूरकडे पारा घसरला की महाराष्ट्रात त्याची बातमी होते. दिल्ली, ग्वाल्हेर किंवा लखनौला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मात्र तशी थंडी ऐन हिवाळ्यात रोजचीच असते. अशा दिवसांत वाटीभर घरचे सूप हा सर्वांत सोपा उपाय. पण बाजारातून पिशवी अर्धीच भरून परतलेल्या गृहिणीला सूप म्हटले की लोणी, क्रीम, किलोभर टोमॅटो आणि हॉटेलातली पांढरी वाटी आठवते, आणि ती चहाचे आधण ठेवून मोकळी होते.

चहाने थंडी घटकाभर पळते. पोट मात्र भरत नाही, उलट भूक मरते. रात्रीच्या जेवणाला मग मुले नाक मुरडतात आणि आजोबा अर्धी पोळी खाऊन उठतात.

महागाईचे गाऱ्हाणे काही नवे नाही. १९९८ मध्ये कांदा इतका महागला की त्या वर्षीच्या नोव्हेंबरातील दिल्ली विधानसभेची निवडणूक कांद्याची निवडणूक म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिली. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने अनेक शहरांत दोनशेचा आकडा ओलांडला आणि केंद्र सरकारला सहकारी संस्थेमार्फत दिल्लीत ९० रुपये किलोने टोमॅटो विकायची वेळ आली. २०२४ उजाडले तेव्हा पाळी लसणाची होती; कित्येक शहरांत तो किलोला चारशेवर पोहोचला. ऑक्टोबर २०२४ च्या सरकारी आकडेवारीत भाज्या वर्षभरापूर्वीपेक्षा ४२ टक्क्यांनी महाग होत्या. २०२५ मध्ये भाज्या आणि डाळी उतरल्या, तर नारळ व खोबरेल यांनी उसळी घेतली. एक जिन्नस उतरतो तोवर दुसरा चढलेला असतो.

म्हणूनच, आधी पुस्तकातील कृती वाचून मग त्या यादीप्रमाणे खरेदी करणे महागात पडते. सुपाच्या बाबतीत तर उलटेच करावे. आधी बाजार पाहावा, मग पातेले चढवावे. सूप हा असा एकच पदार्थ आहे की ज्यात टोमॅटो नसेल तर भोपळा चालतो, भोपळा नसेल तर गाजर, आणि तेही नसेल तर नुसती डाळ.

भावाची भीतीही जरा तागडीत घालून पाहावी. लसूण चारशे रुपये किलो म्हटले की छातीत धस्स होते. पण फोडणीला लागणाऱ्या चार पाकळ्यांचे वजन साधारण १२ ग्रॅम भरते, म्हणजे त्या भावानेही पाच रुपयांच्या आत. ज्या घरात रोज संध्याकाळी वेफर्सचे पाकीट फुटते त्या घरात लसूण बंद करून काय वाचणार? खरे नुकसान दुसरीकडेच होते. महागाई आली की आधी फळे जातात, मग भाजीचा वाटा कमी होतो, मग डाळीत पाणी वाढते. आणि ही सगळी काटछाट घरात सर्वांत शेवटी पानावर बसणाऱ्या बाईच्या ताटात आधी दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. तेव्हा सुपाची गोष्ट केवळ चवीची नाही.

पाकिटाचा मोह

पाकिटातील सुपाची सोय कोणी नाकारत नाही. पाहुणा अचानक आला, गॅसजवळ उभे राहायला वेळ नाही, अशा वेळी ते कामाला येते. मात्र पाकीट उलटून मागची बारीक अक्षरे एकदा वाचावीत. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी. पुष्कळ पाकिटांत पहिल्या दोन-तीन नावांत मक्याचे पीठ किंवा मैदा, साखर आणि मीठ भेटते, आणि ज्या भाजीचे चित्र पुढे छापलेले असते तिचे नाव त्यानंतर येते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून, कमी मीठ सांगते. रक्तदाब असलेल्या आजोबांना रोज संध्याकाळी पाकिटाचे सूप देताना हे ध्यानात असू द्यावे.

घरच्या सुपातही आपण जुन्या सवयीने एक चूक करतो. टोमॅटो उकडायचे, गाळायचे, चोथा टाकायचा आणि उरलेल्या पाण्याला दाटपणा यावा म्हणून कॉर्नफ्लॉवर लावायचे. पैसे भाजीला मोजायचे, भाजी कचऱ्यात घालायची आणि पोटात स्टार्च घ्यायचा, असा हा व्यवहार. दाटपणाच हवा तर मूठभर मसूरडाळ आहे, उकडलेला अर्धा बटाटा आहे, सकाळचा उरलेला भात आहे, चमचाभर नाचणीचे पीठ आहे. यातली प्रत्येक गोष्ट मराठी घरात असतेच.

आपली जुनी सुपे

मराठीत सूप म्हटले की परवापरवापर्यंत धान्य पाखडायचे सूपच डोळ्यांपुढे यायचे. पण पदार्थ काही परका नव्हता. आजाऱ्याला मुगाचे कढण, बाळंतिणीला अळिवाची पेज, पुरण शिजवताना निथळलेल्या पाण्याची कटाची आमटी, उन्हातान्हातून आलेल्याला आंबील, पंगतीत टोमॅटोचे सार. सगळी सुपेच. दक्षिणेत रसम आहे, आणि इंग्रजांनी ज्याचे ‘मुलिगटॉनी’ केले ते मूळचे तमिळ ‘मिळगु तण्णीर’, म्हणजे मिरीचे पाणी. राजस्थानात बाजरीच्या पिठाची राब थंडीत गरम गरम पितात. लडाख-सिक्कीमकडे थुक्पा. यांतल्या एकालाही क्रीम लागत नाही.

पण थंडी आणि टंचाई या दोन्हींना एकदम पुरून उरणारे धान्य म्हणजे कुळीथ. देशावर त्याला हुलगा म्हणतात. कमी पावसाच्या, हलक्या जमिनीत येणारे हे कडधान्य. इंग्रजीत त्याचे नावच घोड्यावरून पडले, कारण ते जनावरांना चारत. त्यामुळे की काय, शहरात आल्यावर पुष्कळ घरांनी ते सोडून दिले. पण कोकणात कुळथाची पिठी आणि भात हे अजूनही हक्काचे जेवण आहे. सोलापूर-सातारकडे थंडीत हुलग्याचे माडगे पितात, आणि लसणाच्या झणझणीत पाण्यात शिजवलेली शेंगोळी खातात. कर्नाटकात याचेच हुरळी सारु होते, तमिळनाडूत कोळ्ळु रसम, आंध्रात आटवून दाट केलेले उलवचारु, तर कुमाऊँ-गढवालच्या पहाडात गहत नावाने हेच धान्य हिवाळाभर चुलीवर असते. इतक्या दूरदूरच्या लोकांनी थंडीसाठी एकच धान्य निवडावे, यात काही तथ्य असणारच. प्रथिनांच्या बाबतीतही कुळीथ तुरीच्या जवळपास बसतो; शंभर ग्रॅमला साधारण २० ते २२ ग्रॅम.

कुळथाच्या कढणासाठी अर्धी वाटी, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम कुळीथ घ्यावेत. यात बारीक खडे फार असतात, तेव्हा सूप करण्याआधी ते खऱ्या सुपात पाखडून निवडावेत. रात्रभर भिजवून ते पाणी टाकावे आणि चार-पाच वाट्या ताज्या पाण्यात कुकरला सात-आठ शिट्ट्या होऊ द्याव्यात. वरचे तपकिरी पाणी निथळून घ्यावे. शिजलेल्या कुळथांपैकी दोन मोठे चमचे वाटून त्या पाण्यात परत मिसळावेत, नाहीतर सगळा कस दाण्यात राहतो आणि आपण नुसते पाणी पितो. चमचाभर तुपात जिरे, हिंग, ठेचलेल्या लसणाच्या चार पाकळ्या आणि कढीपत्ता यांची फोडणी करून त्यात हे कढण ओतावे. तीन-चार आमसुले, मीठ, सुपारीएवढा गूळ आणि चिमूटभर मिरपूड घालून पाच मिनिटे उकळावे. चार जणांना पुरते. उरलेल्या दाण्यांची दुसऱ्या दिवशी डब्याला उसळ होते. किलोला शंभर रुपये भाव धरला तरी दहा रुपयांच्या कुळथात दोन वेळचे दोन पदार्थ.

वेळ नसेल तर भाजलेल्या कुळथाचे पीठ डब्यात असावे. दोन चमचे पीठ गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवून फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडले की दहा मिनिटांत पिठी तयार. पाकिटालाही एवढा वेळ लागतोच.

टाकाऊ म्हणून जे जाते

हिवाळ्याची एक चांगली बाजू महागाईच्या गाऱ्हाण्यात विसरली जाते. डिसेंबर ते फेब्रुवारी हे सर्वसाधारणपणे ताज्या भाज्यांचे सर्वांत स्वस्त दिवस. मटार, गाजर, पालक, मेथी, फ्लॉवर, मुळा यांची आवक याच वेळी भरपूर असते. अपवाद शेवग्याच्या शेंगांचा. त्या ऐन थंडीत सोन्याच्या भावाने विकल्या जातात. पण शेवग्याचा पाला तेव्हाही जवळजवळ फुकट मिळतो, आणि तमिळ घरांत त्याचे सूप नेमाने होते. मूठभर पाला, मूगडाळ, जिरे, मिरी, बस्स.

मटार सोलायला बसले की घराघरांतून साधारण असा संवाद ऐकू येतो.

‘‘अहो आई, ही टरफलं कशाला ठेवलीत? मी टाकतच होते.’’

‘‘अगं, थांब जरा. आधी धुऊन दे मला. पैसे काय नुसत्या दाण्यांचे मोजलेस?’’

सासूबाईंचे गणित बरोबर आहे. किलोभर शेंगांत निम्म्याहून अधिक वजन टरफलांचेच असते. ताजी, हिरवी, डाग नसलेली टरफले दोन-तीन पाण्यांनी धुऊन, सोबत कोथिंबिरीच्या काड्या, फ्लॉवरचे कोवळे दांडे, पालकाचे देठ, आल्याचा तुकडा घालून कुकरला दोन शिट्ट्या कराव्यात. गार झाल्यावर मिक्सरमधून काढून हे मात्र गाळावेच लागते, कारण टरफलाच्या आतला पापुद्रा चिवट असतो. जो हिरवा रस हाती येतो त्यात एक उकडलेला बटाटा कुस्करला की मटारचा एकही दाणा न वापरता मटारचे सूप होते, आणि दाणे उसळीला शिल्लक राहतात.

काटकसरीच्या भरात काही पथ्ये मात्र सोडू नयेत. बुरशी आलेला टोमॅटो तेवढा भाग कापून वापरू नये, तो टाकूनच द्यावा. नुसता मऊ पडलेला, पिकलेला चालतो, किंबहुना सुपाला तोच चांगला. हिरवट पडलेल्या किंवा कोंब फुटलेल्या बटाट्याची साले सुपात घालू नयेत. दुधी चिरण्याआधी त्याचा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर तो अख्खा दुधी फेकावा, कितीही पैसे दिलेले असोत. कडू दुधीचे विष शिजवून जात नाही.

टोमॅटोचे सार करणाऱ्यांना २०२५ मध्ये नारळाने अडचणीत आणले. त्यावरही तोड आहे. नारळाच्या दुधाऐवजी दोन मोठे चमचे अगदी मऊ शिजवलेली मूगडाळ घोटून घातली तर साराला तोच गुळगुळीतपणा येतो. चव थोडी बदलते, हे कबूल. पंगतीला करायचे असेल तेव्हा नारळ आणावा.

सामिष घरांत कोंबडी आणताना मानेचे आणि पाठीचे हाडाचे तुकडे बाजूला काढून आले, मिरी, कांद्याबरोबर मंद आचेवर तासभर उकळले तर दुसऱ्या दिवसाचे सूप वेगळ्या खर्चाविना निघते. पाये मटणाहून पुष्कळ स्वस्त पडतात, पण गॅस खातात. ते कुकरमध्येच करावेत.

रोजचे एक सूप, हिशेबासह

ज्यांना एकच सोपी कृती हवी त्यांच्यासाठी मसूर-गाजराचे सूप. अर्धी वाटी (१०० ग्रॅम) मसूरडाळ, दोन मध्यम टोमॅटो, एक गाजर, एक लहान कांदा, चार पाकळ्या लसूण. सगळे चिरून, डाळ धुऊन, पाच वाट्या पाणी घालून कुकरला तीन शिट्ट्या. डाळ फेसाळते आणि कुकरच्या वाफेची वाट अडवते, म्हणून कुकर निम्म्याहून जास्त भरू नये. झाकण निघाल्यावर मिश्रण कोमट होऊ द्यावे. गरम सूप मिक्सरच्या बंद भांड्यात फिरवल्याने झाकण उडून हात भाजल्याची उदाहरणे कमी नाहीत. मऊ वाटून, न गाळता, परत उकळावे. चमचाभर तुपात जिरे व मिरपूड तडतडवून वरून ओतावी. मीठ शेवटी घालावे, म्हणजे कमी लागते. आच बंद केल्यावर लिंबू पिळावे. त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे डाळ-पालेभाजीतील लोह अंगी लागायला मदत होते. आणि सुपानंतर लगेच चहा घेऊ नये, कारण चहा नेमके उलटे करतो.

आता खर्च. डाळ १०० रुपये किलोने दहा रुपयांची, टोमॅटो ४० रुपये किलोने सहाचे, गाजर चारचे, कांदा दीड रुपयाचा, लसूण चारशेच्या भावाने पाचाचा, तूप साडेतीन रुपयांचे. एकूण तीस रुपये, म्हणजे चार जणांत माणशी साडेसात. टोमॅटो दुप्पट झाला तर माणशी दीड रुपया वाढतो, इतकेच. त्या वाटीत सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, साधारण एका अंड्याएवढी. प्रत्येकीने आपल्या बाजारातील भाव घालून हे गणित एकदा कागदावर करून पाहावे. गॅसही हिशेबात धरावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी वाढला होता. म्हणून उघड्या पातेल्यात तासभर उकळण्यापेक्षा कुकर बरा, आणि वरण-भात लावतानाच वरच्या डब्यात सुपाचा डबा ठेवला तर आणखी बरा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. सूप हे जेवण तेव्हाच होते, जेव्हा ते चमच्याला चिकटते. लहान मुलाचे पोट लहान असते. जेवणाआधी दोन वाट्या पातळ पाणी पाजले की ते भरते, मूल झोपी जाते आणि आईला वाटते, पोरगे जेवले. हातात पैसा कमी असतो तेव्हा डाळीत पाणी वाढवण्याचा मोह होतो आणि त्याला सूप हे गोंडस नाव मिळते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला सूप द्यायचे तर त्यात भाकरी कुस्करावी, भात घोटावा, वर तुपाची धार सोडावी. दात नसलेल्या आजी-आजोबांचेही तेच. पथ्य सांगितलेल्या आजारी माणसाला डाळ किती द्यावी हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

वाढतानाही थोडे लक्ष हवे. डाळीचा दाट भाग तळाशी बसतो, तेव्हा प्रत्येक वाटी भरताना पळी तळापासून फिरवावी. आणि सगळ्यांना वाढून, पुन्हा मागतील त्यांना देऊन, मग जे उरेल ते आपले, हा हिशेब निदान सुपापुरता तरी सोडावा. घरात जितकी माणसे तितक्या वाट्या ओट्यावर एकदम मांडून भराव्यात. आपली झाकून बाजूला ठेवावी. सासूबाई असोत की नवरा, कोणी काही म्हणत नाही. झाकलेल्या वाटीला सहसा कोणी हात लावत नाही.

थंडी आहे म्हणून उरलेले सूप रात्रभर ओट्यावर ठेवू नये. गार झाले की झाकून फ्रिजमध्ये ठेवावे, दोन दिवसांत संपवावे आणि प्रत्येक वेळी खळखळून उकळावे, नुसते कोमट करू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच प्यायला मुले कुरकुरतात. अशा वेळी त्या सुपात ज्वारी, बाजरी आणि थोडे बेसन भिजवावे, कांदा-कोथिंबीर चिरून घालावी आणि तव्यावर थालीपीठ लावावे. सूप आधीच खारट असते, म्हणून पिठात मीठ घालण्याआधी चव पाहावी.